अख्खी भाकरी

तात्या कधीच माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायचे नाहीत. ते तुमच्या कानाकडे बघायचे. तेही सरळ नाही, मान थोडी वाकडी करून, दाराआडून कुणी डोकावावं तसं. निरगुडसरला माझी प्राथमिक शाळेवर बदली झाली, तेव्हा गव्हाचा डबा घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या गिरणीत गेले. भुवयांपर्यंत पिठानं माखलेला हा उंच माणूस माझ्या डाव्या कानाकडे एकटक बघत म्हणाला, "नव्या बाई का? डबा हितं ठेवा. आन् रेघंच्या बाहेर उभ्या ऱ्हावा."

मला वाटलं, माणूस शिष्ट दिसतोय. कानातलं चांदीचं आहे की सोन्याचं ते तपासतोय, असंही वाटलं. गावात नव्यानं आलेल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं. त्यांच्याकडे मुलगी द्यायला आलेले एक पाहुणे तर 'सासरा डोळ्याला डोळा भिडवत नाही, काहीतरी लपवतोय' म्हणून चहा न पिता उठून गेले होते म्हणे. तात्या ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "बरं झालं. पोरगी तशीबी लई बोलघेवडी व्हती."

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांना मधलं दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं. त्यामुळे चालताना ठेच लागायची नाही, डबे ओतताना दाणा सांडायचा नाही, पण समोरच्या माणसाचे दोन कान दिसायचे आणि मधला चेहरा गायब. अख्खं गाव त्यांनी आवाजावर आणि चपलांच्या वाजण्यावर पाठ केलं होतं. दळण बारीक झालं की जाड, ते अंगठा आणि बोट यांच्यात चिमूट चोळून सांगायचे. बाजरीत खडा आला तर चक्कीच्या आवाजावरून त्यांना आधी कळायचं. "कोण रं, सूप घरी न्हाई का तुमच्या?" असा आवाज आला की दळण आणणारी बाई पदर सावरत दुसरीकडे बघायची.

आणि ती रेघ. मोटरीपासून चक्कीपर्यंत जो पट्टा फिरायचा, त्याच्या अलीकडे जमिनीवर पांढऱ्या रंगाची जाड रेघ होती. दर दिवाळीला घर रंगवलं नाही तरी चालेल, पण रेघेवर नवा हात फिरायचा. दळण घेऊन यायची ती बहुतेक पोरंच. त्यांच्यातल्या एकानं रेघेवर पाय ठेवला की तात्या बटण दाबून गिरणी बंद करायचे, आणि पोर मागे सरेपर्यंत सगळ्या गावाचं दळण थांबायचं. एकदा सरपंचांचे जावई गळ्यात मफलर टाकून, बोलता बोलता रेघेच्या आत गेले. तात्यांनी गिरणी बंद केली ती दिवसभर उघडली नाही. सरपंच स्वतः आले.

"तात्या, पावणं हायेत राव. चुकून गेलं."

"पावणं हायेत म्हणूनच बंद केली. पावण्याला पट्ट्यानं वढलं असतं तर तुमची पोरगी माझ्या दारात आली असती. तिचं तोंड मला दिसत न्हाई, पण रडणं ऐकू येतं."

गावाला त्या रात्री कण्या खाव्या लागल्या. त्यानंतर पाहुणेरावळे गावात शिरले की पोरंच त्यांना आधी रेघेची माहिती द्यायची.

डोळ्यांचं काय झालं, हे तात्यांनी कधी लपवलं नाही. उलट ते सांगायला त्यांना फार आवडायचं. मी रुजू झाले त्याच वर्षी ते आमंत्रण नसताना माझ्या वर्गात आले, टेबलाला टेकून उभे राहिले आणि पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणाले, "उठ. हितं म्होरं ये. मी तुझ्याकडं बघतोय का?"

"न्हाई. दाराकडं बघताय."

"दाराकडं बघितलं की तुझा कान दिसतो. तुझ्याकडं बघितलं की तू जातोस. मंग सांग, मी काय करू?"

पोरं खो खो हसली. तात्याही हसले. मग त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या घरात एक जुनं सागवानी मुसळ होतं. ग्रहण लागलं की परातीत हळदीचं पाणी घालून त्यात ते मुसळ उभं करायचं आणि सुटेपर्यंत ते उभं राहतं असं मानायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गावात तो मान तात्यांच्या घराचा. लहानपणी सूर्यग्रहण लागलं, देवळापुढं परात मांडली, आणि पाण्यात सूर्य किती खाल्ला गेलाय हे बघून मोठ्यांदा सांगायचं काम तात्यांकडे आलं. वर बघितलं तर बाधतं, पाण्यात बघितलं तर बाधत नाही, असं सगळेच म्हणायचे. घरचा मान, तेव्हा पोरानं ग्रहण सुटेपर्यंत परातीवरची नजर काढली नाही.

"दुखलं का तात्या?" एका मुलीनं विचारलं.

"हितंच तर घोळ हाय. दुखलं असतं तर मी डोळं झाकलं असतं. कायबी दुखलं न्हाई. सकाळी आईनं ताटात भाकरी वाढली, आन् बघतो तर भाकरीला मधी भोक. म्हणलं, आये, ही कसली भाकरी केलीस? ती म्हणली, आख्खी तर हाय की." तात्यांनी बोटानं हवेत भाकरीएवढा गोल काढला. "तवापास्नं मी आख्खी भाकरी बघितली न्हाई."

शिकवण्याच्या पुस्तकातले धडे मी पुष्कळ घेतले आहेत, पण असा धडा मला काही जमला नाही, हे कबूल करायला मला काहीच वाटत नाही.

मग पंच्याण्णव सालची दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सूर्यग्रहण. टीव्हीवर रोज त्याच्याबद्दल सांगत होते आणि गावात दोन तट पडले होते. म्हाताऱ्यांचं म्हणणं, पोरं घरात कोंडा, दारं लावा. तरुणांचं म्हणणं, असं ग्रहण पुन्हा कधी बघायला मिळणार, सगळ्यांनी बघायचं. काळे चष्मे थोडेच आले होते. बाकीचे कुणी दवाखान्यातले एक्स-रे जमवत होते, कुणी काचेवर काजळी धरत होते, कुणी कॅसेटमधली फीत ओढून डोळ्यांना लावून बघत होते. मी शाळेत ओरडून ओरडून दमले. तात्या मात्र भलत्याच काळजीत होते.

"बाई, कोंडलेलं पोरगं फटीतनं बघतं. मोकळं सोडलेलं पोरगं वर बघतं. आन् शाणं पोरगं परातीत बघतं, माझ्यासारखं. तिन्हीतलं कायबी उपेगाचं न्हाई."

मी म्हणाले, "खोक्याला बारीक भोक पाडून भिंतीवर सावली पाडता येते. शाळेत करूया आपण."

"खोक्यात एक पोरगं मावंल. माझ्या गिरणीत सगळी मावत्याल."

त्यांनी मला गिरणीत नेलं आणि दार लावून घेतलं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती. त्यातून उन्हाचे कवडसे पडले होते आणि पिठाच्या धुरळ्यात त्यांच्या तिरप्या काठ्या उभ्या होत्या. तात्या म्हणाले, ऐंशी सालच्या ग्रहणात गिरणी बंद ठेवून ते आत एकटेच बसले होते, तेव्हा हे गोल कवडसे बघता बघता विळ्यासारखे झाले. "घाबरून मी आधी पत्रा बघितला. म्हणलं, भोकं वाकडी झाली का काय! मंग डोस्क्यात उजेड पडला." सकाळच्या ग्रहणाला कवडसा समोरच्या भिंतीवर पडणार होता, आणि त्या भिंतीला इतक्या वर्षांच्या पिठाचं पांढरंशुभ्र पुट चढलेलं होतं. सिनेमाला पडदा लागतो तो आयताच तयार होता.

राहिला मुसळाचा प्रश्न. देवळापुढं परात नाही म्हटल्यावर म्हातारी मंडळी चिडली. तात्या पारावर जाऊन म्हणाले, "मान आमचा, मुसळ आमचं, परात आमची. औंदा ती माझ्या गिरणीत मांडणार. आन् पोरं कोंडायची म्हणताय ना? मी कोंडतो. कडी घालतो." म्हाताऱ्यांना पोरं कोंडली जाणार याचं समाधान, तरुणांना ग्रहण दिसणार याचं. एवढा सोयीचा तह गावात त्याआधी झाला नव्हता.

त्या सकाळी गाव झाडून सगळी पोरं गिरणीत आली. तात्यांनी मोटरीचा फ्यूज काढून खिशात टाकला होता. जमिनीवर पिठाची एक नवी रेघ ओढली होती. तिच्या पुढं जायचं नाही, कवडशात डोकं घालायचं नाही, भोकाकडं बघायचं नाही. परातीतल्या पाण्यात त्यांनी ओंजळभर पीठ कालवलं होतं, त्यात सूर्य काय, स्वतःचं नाकसुद्धा दिसलं नसतं. मुसळ उभं राहिलं. ते बुडाला सपाट आहे आणि एरवीही उभं राहतं, हे मला ठाऊक होतं आणि तात्यांनाही, पण सणासुदीला कशाला बोला. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, लाह्यांच्या टोपलीत तुळशीची पानं टाकून ती पोरांत फिरवली. वेध लागलेत, ग्रहणात खायचं कसं, असं कुणीतरी दाराबाहेरून विचारलं, तेव्हा तात्या आतूनच ओरडले, "येध मोठ्यांना असत्यात. पोरांच्या पोटाला पंचांग न्हाई."

कवडसा भिंतीवर पेढ्याएवढा गोल पडला होता. हळूहळू त्याची एक कड कुरतडली गेली. मग एका लहान्यानं ओरडून सांगितलं, "तात्या, करंजी झाली!" आणि सगळी गिरणी 'करंजी, करंजी' म्हणून नाचायला लागली. तात्यांनी पिठाचं पोतं झटकलं. धुरळ्यात उन्हाची काठी लख्ख झाली.

आणि त्या सगळ्या आरड्याओरड्यात तात्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. मान वाकडी करून ऐकत राहिले.

"म्हाळूचा आवाज न्हाई."

म्हाळू ही माळावरच्या मेंढपाळाच्या वस्तीतली मुलगी. शाळेत कधी यायची, कधी नाही, पण बाजरीचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत नेमानं यायची आणि बडबड करून तात्यांचं डोकं उठवायची. तात्यांना ती फार आवडायची. मागून एक पोरगं म्हणालं, "ती मेंढरं घिऊन वढ्याला गेलीया. तिची आजी म्हणली, मेंढरांना कुठं गिराण असतं?"

"वढ्याला पाणी हाय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. "बाई, रेघ संभाळा."

डोक्यावर टॉवेल टाकून ते बाहेर पडले. काकू दारापर्यंत धावल्या, "अवो, गिराणात कुठं निगालात?" पण ते बांधावरून उतरून गेलेसुद्धा. पुढचं मला म्हाळूनंच सांगितलं, आणि ते सांगताना ती तात्यांवर चांगलीच तापलेली होती.

ती ओढ्याच्या डोहाकाठी पोटावर पालथी पडून पाण्यातला सूर्य बघत होती. पाण्यात बघितलं तर बाधत नाही, हे आजीनं तिलाही सांगितलं होतं. तात्या हाका मारत आले. समोरची म्हाळू त्यांना दिसेना. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांच्या रोखानं ते काठाशी आले आणि थांबलेच नाहीत. धोतरासकट सरळ डोहात उतरले आणि दोन्ही पायांनी खालचा गाळ उपसून सगळं पाणी ढवळून टाकलं. सूर्य फुटला, करंजी फुटली, चिखल वर आला.

"तात्या, येड लागलं का?" म्हाळू ओरडली. "आता माझी मेंढरं काय पितील?"

"माझ्या घरचं पितील. चल!"

थोड्या वेळानं गिरणीपुढं घंटा वाजल्या. तात्या कमरेपर्यंत चिखलानं भरलेले, त्यांच्या मुठीत म्हाळूचं मनगट आणि मागं सगळा कळप. दार उघडल्याबरोबर मेंढरं आत घुसली, पोरं किंचाळली, आणि कुणी काही करायच्या आत मेंढरांनी जमिनीवरची पिठाची रेघ चाटूनपुसून खाल्ली. मग मी आणि काकू हात पसरून रेघ होऊन उभ्या राहिलो. तोवर भिंतीवरची करंजी पुन्हा भरून पेढा व्हायला लागली होती. गाव हसत घरी गेलं.

तात्या हसले नाहीत. "किती येळ बघितलंस?" असं ते म्हाळूला पुन्हा पुन्हा विचारत होते. तिला सांगता येईना. मेंढ्या राखणाऱ्या पोरीला वेळ कसला विचारता?

दुसरा दिवस पाडव्याचा. उजाडताच तात्या माझ्या दारात उभे. हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी.

"बाई, माझ्यासंगं वस्तीवर चला. मी तिला भाकरी दाखवणार. पण ती घाबरून खोटं बोलली, तर मला कळायचं न्हाई. मला तिचं तोंड दिसत न्हाई. तुमी तिच्या तोंडाकडं बघा."

आम्ही तडक माळावर गेलो. म्हाळू मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याशी कोकरू घेऊन बसली होती. तात्यांनी तिला उभं केलं, फडकं सोडलं आणि भाकरी दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. एक डोळा झाक म्हणाले, मग दुसरा.

"सांग. काय दिसतं?"

म्हाळू बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती खोटं बोलत नव्हती, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

"तात्या," ती म्हणाली, "मधी काळा डाग हाय."

त्या उंच माणसाचा चेहरा बघता बघता लहान पोरासारखा झाला. आता मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, पहिली एसटी कितीला, असं सगळं डोक्यात एकदम आलं, आणि तेवढ्यात माझी नजर भाकरीवर गेली.

"तात्या!" मी ओरडलेच. "अहो, डाग भाकरीला आहे! करपलीय ती!"

काकू पाडव्याच्या घाईत भाकरी तव्यावर विसरल्या होत्या. मधोमध रुपयाएवढा काळा डाग. आणि ती घेऊन सबंध माळ तुडवत आलेल्या तात्यांना तो दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी प्रत्येकच भाकरीला मधे डाग होता.

तात्यांनी बोटानं चाचपून बघितलं. करपलेला भाग खरखरीत लागला तेव्हा ते मटकन खाली बसले आणि रडले. हसतही होते. म्हाळूला काही कळेना. "एवढी करपल्याली भाकरी पाडव्याला आणत्यात व्हय?" म्हणत तिनं आतून स्वतःच्या घरची भाकरी आणली आणि तात्यांच्या नाकापुढं धरली, "ही बघा, ही आख्खी हाय. कडंपास्नं कडंपतुर." तरीही त्या आठवड्यात आम्ही तिला मंचरला दाखवून आणलंच. डॉक्टर म्हणाले, डोळे छान आहेत, पण पुन्हा असं करायचं नाही. हे म्हाळूला सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गिरणीच्या दारात भाकरी धरून बसू लागले. पोरांनी रांगेनं यायचं, एकेक डोळा झाकायचा आणि काय दिसतं ते सांगायचं. भाकरी पांढरी हवी, ज्वारीची, आणि काकूंनी ती तव्यासमोरून न हलता भाजायची. नव्याण्णवला ऑगस्टात संध्याकाळचं ग्रहण लागलं तेव्हा आभाळ भरलेलं होतं, भिंतीवर काही उमटलं नाही. पोरं हिरमुसली. पण तात्या त्या दिवशी जास्तच कडक होते. "ढगातलं गिराण लई वंगाळ. डोळा दिपत न्हाई, मंग पोरगं बघतच बसतं." दुसऱ्या दिवशी भाकरीची रांग लागलीच.

पुढं माझी बदली झाली. पारगावला साखर कारखाना उभा राहिला, लोकांच्या हातात पैसा आला आणि घराघरांत घरघंट्या आल्या. गिरणीकडे दळण येईना. तात्यांनी पट्टा काढून ठेवला, मोटर विकली. रेघ मात्र दर दिवाळीला रंगत राहिली.

दोन हजार नऊ सालच्या पावसाळ्यात पुन्हा सूर्यग्रहण लागलं, भल्या सकाळचं. शाळेत पोरांची व्यवस्था लावता लावता मला सारखी ती गिरणी आठवत होती. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पहिल्या एसटीनं निरगुडसरला गेले. पाऊस भुरभुरत होता. गिरणीच्या दारात खाटेवर तात्या बसलेले, अंगावर घोंगडी, फार वाळलेले. समोर पोरांची रांग. चुलीपाशी एक धिप्पाड बाई बसून हुकूम सोडत होती, "ढकलू नगा रं! एक डोळा झाक, दोन्ही न्हाई!" ती म्हाळू. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. माहेरपणाला आलेल्या म्हाळूनं भाकरी स्वतः भाजली होती, आणि रांगेत सगळ्यात पुढं तिचाच मुलगा होता.

"आख्खी," तो म्हणाला. मग पुढचा, "आख्खी." मग एक मुलगी, "आख्खी." तात्या प्रत्येकाच्या कानाकडे बघून मान हलवत होते. त्यांचा हात दुखत असावा, कारण म्हाळूनं मागून येऊन त्यांच्या कोपराला आधार दिला. भाकरी खाली गेली नाही.

पोरं संपल्यावर मीही रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. काही बोलले नव्हते, पण चपला वाजल्या होत्या.

"या बाई," तात्या माझ्या डाव्या कानाला म्हणाले. "तुमाला काय दिसतं?"

मी एक डोळा झाकला, मग दुसरा. "अख्खी आहे."

"झालं मंग."

"आणि तात्या, तुम्हाला?"

त्यांनी भाकरी आपल्या तोंडासमोर धरली. मान वाकडी केली नाही, सरळ बघितलं.

"मला मधी कायबी दिसत न्हाई. पर एवढी पोरं सांगत्यात, म्हंजी आख्खीच हाय."

मग त्यांनी ती चाचपत बरोबर मधोमध मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि उरलेली अर्धी घेऊन म्हाळूच्या पोराला हाक मारली.